परभणी जिल्ह्यांतील जुने घडीचे चाकू व त्यांचे अप्रसिद्ध कारागीर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. दप्तर ज्या लेखणीनें लिहिलें ती लेखणी कोणत्या चाकूनें तासली होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः तो चाकूहि त्याच दप्तराच्या शेजारीं, कलमदानाच्या तळाशीं पडलेला असतो. वाडा मोडला म्हणजे दप्तर एखादे वेळीं संशोधकाच्या हातीं लागतें. चाकू मात्र भंगाराच्या तराजूंत जातो. अशा घडीच्या चाकूंचा, विशेषतः ज्यांच्या कर्त्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत सांपडत नाहींत अशा चाकूंचा संग्रह कसा करावा आणि त्यापासून काय समजतें, हें परभणी जिल्ह्यापुरतें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. अमरकोशांत शस्त्री, असिपुत्री, छुरिका व असिधेनुका असे चार पर्याय दिले आहेत. असिपुत्री म्हणजे तरवारीची कन्या. हे शब्द क्षत्रियवर्गांत येतात. म्हणजे कोशकाराच्या दृष्टीनें सुरी हें आधीं शस्त्र आहे, घरगुती उपकरण मागाहून. आपली ‘सुरी’ याच छुरिकेच्या कुळांतली. ‘चाकू’ हा शब्द मात्र फारशीच्या द्वारें मराठींत आला. आणि ‘कलमतराश’, म्हणजे कलम तासणारा, हा तर उघडच फारशी आहे. इंग्रजींतहि खिशांतील लहान चाकूचें एक नांव लेखणीवरूनच पडलें आहे. दोन दूरच्या भाषांत एकाच कामावरून सारखेंच नांव पडावें, यावरून लेखकवर्गाचें व या हत्याराचें नातें किती सार्वत्रिक होतें हें दिसून येतें.

हें नातें आमच्या भागांत दीर्घकाळ टिकलें. परभणी जिल्हा इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें सरकारी भाषा आधीं फारशी व इ. स. १८८४ च्या सुमारापासून उर्दू होती. गांवचा कुलकर्णी आपलें दप्तर मोडींत ठेवी. लिपी कोणतीहि असो, लेखणी बोरूचीच. बोरूचें टोक झिजलें कीं तें पुनः तासावें, मध्यें चीर पाडावी व हव्या त्या कोनानें छेद द्यावा, असा क्रम असे. छेद बिघडला कीं अक्षर बिघडलें. म्हणून कलमतराशाचें पातें आंखूड, पातळ व तीक्ष्ण असावें लागे. बर्मिंगहॅमचीं पोलादी टोकें व पुढें झरण्या आल्या, तेव्हां या चाकूचें मूळचें काम संपलें. तो सुपारी, आंबा व मुलांच्या शिसपेन्सिली यांच्या सेवेस लागला.

जिल्ह्यांतील जुन्या घरांत जे घडीचे चाकू मिळण्याजोगे आहेत, त्यांचे उगमावरून तीन वर्ग पाडतां येतात. पहिला वर्ग गांवच्या लोहाराचा किंवा बैलगाडींत संसार घालून गांवोगांव फिरणाऱ्या घिसाड्याचा. त्याची रचना साधी असते: लांकडाची अथवा शिंगाची मूठ, तींत चिरलेली खोबण, आणि एका खिळ्यावर फिरणारें पातें. पाठीस कमान नसते. खिळ्याच्या घट्टपणावरच पातें उघडें राहतें. दुसरा वर्ग देशांतील प्रसिद्ध ठिकाणांचा. कच्छांतील अंजार हें गांव अडकित्ते व चाकू यांसाठीं नांवाजलेलें आहे. उत्तर प्रदेशांतील रामपूरच्या चाकूची ख्याति सर्वांस ठाऊकच आहे. तिसरा वर्ग विलायती व जर्मन मालाचा, म्हणजे शेफील्ड व झोलिंगेन येथील. इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडहून परभणीवरून सिकंदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला. कापूस मुंबईकडे नेणाऱ्या याच मार्गानें परदेशी मालास आमच्या पेठांचा रस्ता सोपा झाला.

संग्रह करणाऱ्याची दृष्टि साहजिकच तिसऱ्या वर्गाकडे प्रथम वळते, कारण तेथें पात्याच्या बुडाशीं नांव असतें. शेफील्ड येथें चाकूवाल्यांची संस्था इ. स. १६२४ मध्यें कायद्यानें स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराची खूण तिच्या नोंदबुकांत चढूं लागली. जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीची तारा व क्रॉस ही खूण मुळांत इ. स. १६८२ मध्यें दुसऱ्याच एका कारागिरास मिळालेली होती. ती पुढें रॉजर्स घराण्याकडे आली. अशा खुणेवरून चाकूचें घराणें शोधतां येतें, हें खरें. परंतु खूण म्हणजे साक्षीदार नव्हे. एकोणिसाव्या शतकांत शेफील्डच्या नांवाची नक्कल परदेशांत इतकी होऊं लागली कीं, इंग्लंडांत इ. स. १८८७ मध्यें व्यापारी खुणांचा कायदा करावा लागला व हिंदुस्थानांत इ. स. १८८९ मध्यें तसाच कायदा झाला. यावरून खोटा ठसा असूं शकतो हें सिद्ध आहे. ज्यावर ठसाच नाहीं तो चाकू निदान नांवाच्या बाबतींत खोटें बोलत नाहीं.

येथें आमच्या विषयाचा मुख्य मुद्दा येतो. पहिल्या वर्गाच्या चाकूवर नांव कां नसतें? कारागीर निरक्षर होता, किंवा त्यास आपल्या कामाचा अभिमान नव्हता, अशीं उत्तरें दिलीं जातात. तीं आम्हांस पटत नाहींत. नांवाची गरज केव्हां पडते हें पाहिलें पाहिजे. माल जेव्हां अनोळखी गिऱ्हाइकाकडे जातो, तेव्हां त्याच्याबरोबर कर्त्याचें नांव जावें लागतें. लोहार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. त्याचा भाता गांवांतच चाले आणि त्याचें बलुतें खळ्यावर मिळे. त्यानें केलेली सुरी ज्या घरांत जाई, तें घर त्यास व त्याच्या बापास ओळखत असे. पातें मऊ निघालें तर दुसरे दिवशीं तें त्याच्याच दारीं परत येई. अशा ठिकाणीं ठशाचें प्रयोजन काय? म्हणून हे चाकू अज्ञात कारागिरांचे नव्हत. ते इतक्या ज्ञात कारागिरांचे आहेत कीं नांव कोरण्याचें कोणास सुचलेंच नाहीं. अज्ञान आहे तें आपलें, आणि तें गांवाची आठवण पुसली गेल्यामुळें उत्पन्न झालें आहे.

याच्या उलट उदाहरण पाहावें. इ. स. १६२१ मध्यें जालंदर भागांत आकाशांतून पडलेल्या लोखंडापासून जहांगीर बादशहानें तरवारी, खंजीर व चाकू करविले. त्यांचा कर्ता उस्ताद दाऊद याचें नांव बादशहानें स्वतः आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे, आणि त्यांतील चाकू आज वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहांत आहे. दाऊद हा निपुण होता यांत संशय नाहीं. पण त्याचें नांव राहिलें तें कोणीं तरी लिहून ठेविलें म्हणून. गोदाकांठच्या लोहारास बादशहा भेटला नाहीं. तें लिहिण्याचें काम आतां संग्राहकासच करावयाचें आहे.

पोलादाविषयीं एक सूचना अवश्य आहे. परभणी जिल्ह्यांत गंगाखेडावरून वाहणारी गोदावरी पुढें नांदेडाहून तेलंगणांत जाते. तिच्या दक्षिणेस निजामाबाद जिल्ह्यांत कोनसमुद्रम् हें गांव आहे. तेथें दोन निराळ्या ठिकाणचें लोखंड मातीच्या मुशींत एकत्र तापवून उत्तम पोलाद करीत. या कृतीचें वर्णन हेन्री व्हॉयसी या भूगर्भवेत्त्यानें लिहिलें असून तें त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १८३२ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत छापलें गेलें. इराणांतील व्यापारी हें पोलाद नेण्यासाठीं तेथवर येत. या जातीच्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखें जें चित्र उमटतें, त्यास जौहर म्हणतात. मात्र आपल्या भागांत मिळालेलें प्रत्येक काळसर पातें कोनसमुद्रमचें आहे असें म्हणण्याचा मोह आवरावा. जौहर प्रत्यक्ष दिसल्यावांचून तसा निर्णय करूं नये. गांवचा लोहार पुष्कळदां मोडक्या कानशीचें किंवा जुन्या हत्याराचेंच लोखंड पुनः वापरी.

नांव नसलेल्या चाकूचें वय ठरविण्यास द्रव्याची मदत होते. न गंजणारें पोलाद शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें इ. स. १९१३ मध्यें सिद्ध केलें; तेव्हां तशा पात्याचा चाकू त्यापूर्वींचा असणें शक्य नाहीं. मूठ सेल्युलॉइडची असेल तर तो इ. स. १८७० च्या पुढचा, व बेकलाइटची असेल तर इ. स. १९०७ च्या पुढचा. पाठीची कमान युरोपांत सतराव्या शतकांत प्रचारांत आली. परंतु कमान नाहीं एवढ्यावरून चाकू प्राचीन ठरत नाहीं. बिनकमानीचा मिटता चाकू ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथें ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराचा सांपडला आहे, आणि तशाच रचनेचे चाकू खेड्यांतील लोहार विसाव्या शतकांतहि करीत. द्रव्यानें चाकूच्या वयाची वरची मर्यादा कळते; खालची मर्यादा घरच्या माणसांच्या आठवणीवरूनच कळावयाची.

म्हणून नोंद हीच या संग्रहाचा प्राण होय. आठवडी बाजारांत लोखंडाच्या ढिगांतून उचललेला चाकू आणि घरांतून माहितीसह मिळालेला चाकू दिसण्यांत सारखे असले तरी योग्यतेनें सारखे नव्हत. पहिल्यापासून पोलाद व शिंग यांपलीकडे कांहीं कळत नाहीं. दुसऱ्यापासून गांव, घराणें, उपयोग, क्वचित् लोहाराचें नांव व त्याच्या भात्याची जागाहि कळते. प्रत्येक चाकूबरोबर पुढील गोष्टी लिहाव्या: मिळाल्याचें गांव व तालुका, कोणत्या कामास वापरला जाई, चंचींत, कमरेस कीं कलमदानांत राही, कोणीं केला किंवा कोठें घेतला असें घरांत सांगतात, सांगणाराचें वय, उघड्या व मिटलेल्या स्थितींतील लांबी, पात्याच्या पाठीची जाडी, खिळे किती, आणि ठसा असल्यास पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें घांसून घेतलेली त्याची प्रतिमा. परभणी जिल्ह्यांतून इ. स. १९९९ मध्यें हिंगोली जिल्हा निराळा झाला, हें लक्षांत ठेवून तालुक्याचा उल्लेख विसरूं नये. अशा पन्नास नोंदी एकत्र ठेविल्या म्हणजे एकाच हाताचीं कामें, कानशीच्या त्याच वळणावरून व खिळ्याच्या त्याच ठेवणीवरून, वेगळीं ओळखूं येतील.

संरक्षणाचेहि कांहीं नियम आहेत. विटकरीच्या पुडीनें किंवा लिंबानें चाकू चकचकीत करूं नये. असें केल्यानें जौहर, पुसट ठसा व कानशीच्या खुणा एकदमच नाहींशा होतात. धार लावणें म्हणजे तर पात्याचा मूळ आकारच बदलणें होय. सुटा गंज मऊ फडक्यानें काढून यंत्राच्या हलक्या तेलाचा हात द्यावा. गोडें तेल कालांतरानें चिकट होतें. चाकू चामड्याच्या म्यानांत ठेवूं नयेत, कारण चामड्यांतील द्रव्यांनीं पोलाद गंजतें. सेल्युलॉइडच्या मुठी वेगळ्या पेटींत असाव्या; तें द्रव्य कुजतांना निघणारी वाफ शेजारचीं पातींहि खाते. हस्तिदंती मुठीच्या चाकूचा क्रयविक्रय कायद्यानें करतां येत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तूंस इ. स. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू आहे व त्या खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहींत.

सामान्य घरांतील वस्तूंस संग्रहांत स्थान आहे काय, अशी शंका घेणारांनीं पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं दौती, दिवे, अडकित्ते असल्या वस्तु घरोघर फिरून जमविल्या; तेथील अडकित्त्यांकडे पाहिलें म्हणजे सुपारी कातरण्याच्या साध्या कामांतहि कारागिराची बुद्धि किती खेळते हें कळतें. त्याच्या आधींच्या पिढींत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं वाड्यांच्या माळ्यांवरून कागद उतरविले नसते, तर कित्येक घराण्यांचा इतिहास आज वाळवीच्या पोटांत असता. कागदास वाळवी लागते, चाकूस गंज; पण दोहोंचा मोठा शत्रु एकच, आणि तो म्हणजे ‘हें जुनें आहे, टाकून द्या’ असें म्हणणारें नवें माणूस.

चाकू टिकेल, पोलादास आयुष्य मोठें असतें. ‘हा अमक्या लोहाराच्या हातचा’ असें सांगणारें माणूस मात्र आज ऐंशीच्या घरांत आहे, आणि त्याच्या मागें तें वाक्य कोणाजवळहि राहणार नाहीं. तेव्हां परभणी, जिंतूर, पाथरी, सेलू, गंगाखेड या बाजूच्या वाचकांनीं आपल्या घरांतील चाकू आमच्याकडे पाठवावे असें आमचें मागणें नाहीं. चाकू घरींच असूं द्यावा. त्याविषयीं घरांतील वडील माणसें जें सांगतील, तेवढें त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून, त्याखालीं दिनांक घालून, तो कागद चाकूभोवतीं गुंडाळून ठेवावा. संशोधनाचें निम्मे काम त्या एका कागदानें होईल.