ऑपरेशन झाले, पुढे काय?

समजा, साखरखेर्ड्यातली एक आजी अंगणात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. तिला जालन्याला नेले. ऑपरेशन झाले. आजी घरी आली. शेजारीण सुनेला म्हणाली, "आता म्हातारीला हलवू नको बाई. पडू दे निवांत."

हे बोलणे मायेचे आहे; पण त्यात धोका आहे. तो कसा, ते आपण पाहू.

पडून राहिलेल्या विळ्यावर गंज चढतो. शरीराचेही तसेच आहे. माणूस पडून राहिला की पायांतली ताकद जाते. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. पाठीला, टाचेला जखमा पडतात. हाड सांधते, पण माणूस खचतो.

म्हणून डॉक्टर बहुधा दुसऱ्याच दिवशी रोग्याला उठवून बसवतात, आधार देऊन उभे करतात. पुन्हा हिंडते-फिरते करण्याच्या या कामाला पुनर्वसन म्हणतात. मुंबईत हाजी अलीला याच कामासाठी सरकारी संस्था आहे. ती १९५५ साली सुरू झाली. पण मुंबई सर्वांनाच कुठे गाठता येते? आपल्या घरी आजीची नर्स म्हणजे तिची सून, तिचा नातू. तेव्हा दवाखाना सोडण्याआधी नर्सबाईंकडून सगळे शिकून घ्या. विचारायला लाजू नका.

काय शिकायचे? कुशीवर कसे वळवायचे, कसे उठवायचे, वॉकर कसा धरायचा. स्वतः वळता येत नसेल, तर दर दोन तासांनी कूस बदला. पाठ आणि टाचा रोज पाहा. कातडी लाल दिसली तर तिथे भार देऊ नका. जेवण नेहमी बसवूनच द्या. डाळ, दूध, अंडे असू द्या. मांडी घालायची की नाही, उकिडवे बसायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारा. तोवर शौचाला खुर्ची वापरा. वाटेतली गोधडी, पाण्याची बादली उचला.

ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर क्षणभरही थांबू नका.

आणि आजीला घाई करू नका. आज खाटेपासून दारापर्यंत, उद्या दारापासून ओट्यापर्यंत. दुखेल, ती कुरकुरेल. आपण हात द्यावा, पण पाऊल तिलाच टाकू द्यावे. ज्या दिवशी ती आपल्या पायांनी अंगणात येईल, त्या दिवशी ऑपरेशन खरे पार पडले, असे आम्ही म्हणू.