बॉनेटवरचं कोळिष्टक
मोटारींच्या प्रदर्शनात काळ्या गाडीच्या बॉनेटवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, तिथे वाकून पाहा. भोवती कोळिष्टकासारखी वर्तुळं दिसली, तर कोणीतरी कोरड्या फडक्याने धूळ पुसली आहे. हे बारीक ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून गोल वाटतात. ते पडतात क्लिअर कोटवर, साधारण ४०-५० मायक्रॉनच्या पारदर्शक थरावर.

डोंबिवलीत एमआयडीसीची काजळी आणि रस्त्यांची धूळ रोजची. सोसायटीत गाड्या पुसणारा एकाच बादलीत अनेक गाड्या उरकतो (एवढ्याशा पैशांत आणखी काय करणार?). ओरखडे टाळायचे तर आधी पाणी मारून धूळ वाहू द्यावी, मग शाम्पू, मायक्रोफायबर. पॉलिशने ओरखडे जातात, पण थर झिजवूनच. मेण ते नुसतं झाकतं.