जिताड्याच्या बोटुकलीचे आईबाप किती?
जनुकीय तपासणीतून उघड होणारा हॅचरीचा खरा हिशेब

पेण, अलिबाग, उरणकडच्या आपल्या वाचकांना जिताड्याचे मोल सांगण्याची गरज नाही. खाडीत पकडलेली पिल्ले तळ्यात सोडून वाढविण्याची रीत तेथे जुनी आहे. मात्र खाडीच्या पिल्लांवर कायमचा धंदा उभा राहत नाही. त्याला हॅचरीचे बीज लागते. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आणि आपल्या देशात ही वाट मोकळी झाली.

बोटुकली विकत घेताना आपण आकार पाहतो, भाव करतो, मेलेली पिल्ले मोजतो. पण ही पिल्ले किती आईबापांची आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही. हॅचरीवाला सांगेल, 'टाकीत चाळीस प्रजनक मासे आहेत.' ते खरेही असेल. परंतु टाकीत चाळीस मासे असणे म्हणजे पिल्लांचे आईबाप चाळीस असणे नव्हे.

याचे कारण माशाच्या स्वभावात आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याचीच मादी होते. एक मोठी मादी लाखो अंडी देते. रात्री टाकीत मादी अंडी सोडते आणि अनेक नर त्याच पाण्यात आपले वीर्य सोडतात. सकाळी तरंगणारी फलित अंडी गोळा होतात. कोणते अंडे कोणाचे, हे डोळ्यांना कधीच दिसणार नाही. ते दिसते जनुकीय तपासणीत.

तपासणी कशी होते?

प्रत्येक प्रजनक माशाच्या परातून नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटमध्ये ठेवतात. माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी क्रमांकाची चिप बसवतात, म्हणजे नोंद चुकत नाही. पुढे पिल्लांपैकी काही नमुने घेतात. प्रत्येक जिवाच्या डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. तो किती वेळा आला, हे माशागणिक वेगळे असते. पिल्लाला अशी एक खूण आईकडून आणि एक बापाकडून मिळते. अनेक ठिकाणच्या खुणा जुळवल्या की न जुळणारे मासे एकेक करून बाद होतात आणि खरी जोडी उरते.

ऑस्ट्रेलियात जिताड्याला बॅरामंडी म्हणतात. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातील संशोधकांनी तेथील हॅचरीच्या पिल्लांची अशी तपासणी केली व २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही माशांचा वाटा फार मोठा, काहींचा नाममात्र, तर काहींचा काहीच नाही, असे चित्र निघाले. मोठी पिल्ले लहानांना खातात म्हणून हॅचरीत आकारानुसार निवड करावीच लागते. या निवडीत लहान पिल्ले टाकून दिली, तर एखाद्या जोडीची संततीच बाद होऊ शकते.

व्यापाऱ्याच्या भाषेत हिशेब

समजा, टाकीत २० नर व २० माद्या आहेत. सर्वांनी सारखा वाटा उचलला, तर उपयोगी प्रजनकांची संख्या ४० येते. पण खरोखर २ नर व ८ माद्याच कामाला आल्या, तर नर-मादीच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला चाराने गुणावे व एकूण संख्येने भागावे. उत्तर येते ६.४. म्हणजे खुराक चाळीस माशांचा आणि उपयोग जेमतेम सहा-सात माशांचा! एका पिढीत रक्तातील जवळीक सव्वा टक्क्याने वाढायची, ती सुमारे आठ टक्क्यांनी वाढते.

बोटुकली वाढवून बाजारात विकणाऱ्याला याचा लगेच फटका बसत नाही. नुकसान होते ते त्याच पिल्लांतून पुढचे प्रजनक राखणाऱ्याचे. भावंडांची भावंडांशी जोडी लागते. अशा संततीची वाढ मंदावण्याची, व्यंग येण्याची व पिल्ले कमजोर निघण्याची शक्यता पिढीगणिक वाढते. शेवटी हेच बीज शेतकऱ्याच्या तळ्यात येते.

तपासणीचा दुसरा लाभही आहे. सर्व घराण्यांची पिल्ले एकाच टाकीत वाढवून, जोमदार पिल्लांचे आईबाप नंतर शोधता येतात. घराणेवार वेगळ्या टाक्यांचा खर्च वाचतो. सिंगापूरमध्ये जिताड्याच्या निवड-पैदाशीत हे तंत्र वापरले गेले आहे. मात्र ही तपासणी पितृत्व सांगते, रोग नाही. रोगाची चाचणी वेगळी करावी लागते.

आपण काय करावे?

हॅचरी चालविणाऱ्याने एका रात्रीच्या अंड्यांवर विसंबू नये. अनेक रात्रींची, वेगवेगळ्या टाक्यांची पिल्ले एकत्र करावीत. नर बदलत राहावेत. प्रजनक निवडताना केवळ सर्वांत मोठी पिल्लेच राखू नयेत आणि निरनिराळ्या खाड्यांतील नवे मासे आणावेत. बीज घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत : प्रजनक कोठून आणले? ही पिल्ले किती रात्रींच्या अंड्यांची आहेत? प्रजनकांची नोंदवही आहे काय?

सोने घेताना आपण कस पाहतो, कापड घेताना पोत पाहतो. बोटुकली घेताना तिचे कूळ विचारण्यात संकोच कसला? गिऱ्हाईक विचारू लागले, की विकणारा नोंद ठेवू लागतो.