फोटो ठेवायचे कुठे?

पूर्वी लग्नाचा अल्बम कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेला असायचा. पाहुणे आले की तो बाहेर निघायचा. आता फोटोवाला पेन ड्राइव्ह हातात देतो, नाहीतर मोबाइलवर लिंक पाठवतो. हळदीपासून विदाईपर्यंत दोन हजार फोटो! अशा बऱ्याच लिंका काही दिवसांनी बंद होतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

मग मुले म्हणतात, "आई, क्लाउडवर टाक ना, फुकट असतं." क्लाउड म्हणजे काय, तर कंपनीच्या दूरवरच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर आपल्याला मिळालेली जागा. मोबाइल हरवला, पाण्यात पडला तरी तिथले फोटो शाबूत राहतात. सोय खरीच चांगली. पण फुकट म्हणजे किती?

गूगलवर 15 जीबी जागा फुकट मिळते, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर आणि अॅपलच्या आयक्लाउडवर 5 जीबी, ड्रॉपबॉक्सवर 2 जीबी. आता घरच्या किराण्यासारखा हिशेब करा. चांगल्या कॅमेऱ्याचा एक फोटो साधारण 8 ते 10 एमबीचा. दोन हजार फोटो म्हणजे 16 ते 20 जीबी. म्हणजे एका लग्नातच गूगलची जागा संपली! फोटोवाल्याची मूळ 'रॉ' फाइल तर 25 एमबीच्या पुढेही जाते.

शिवाय फुकटचे नियम कंपनीच्या मर्जीने बदलतात. फ्लिकरने 2013 साली प्रत्येकाला एक टेराबाइट, म्हणजे सुमारे हजार जीबी जागा फुकट दिली. 2018 मध्ये सांगितले, आता फुकटात फक्त हजार फोटो. गूगल फोटोजने 2015 मध्ये थोडे लहान केलेले फोटो हवे तितके ठेवू दिले. 1 जून 2021 पासून तेही बंद झाले. दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर गूगल ते काढूनही टाकू शकते.

आपल्या बायांची अडचण तर आणखी वेगळी. आमच्या नेरच्या बचत गटातल्या एकीचा मोबाइल बिघडला. फोटो क्लाउडवर होते, पण खाते उघडून दिले होते मोबाइलच्या दुकानातल्या पोराने. पासवर्ड तिला माहीत नाही, आणि खात्याला जोडलेला नंबर केव्हाचा बंद! लेकीच्या बारशाचे, गेलेल्या सासूबाईंचे फोटो आहेत, पण हाती लागत नाहीत. घरातल्या आठवणी आपण सांभाळायच्या आणि किल्ली मात्र दुसऱ्याकडे, हे कसे चालेल?

म्हणून खाते आपल्या नावाने, आपल्याच चालू नंबरवर उघडा. पासवर्ड स्वतः ठरवा, घरच्या डायरीत लिहा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो लहान होतो, म्हणून चांगला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दोन हजारातले निवडक दोनशे फोटो क्लाउडवर ठेवा. बाकीचे हार्ड डिस्कवर. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या सीडी घरात असतील तर आताच उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपला सीडी लावायची सोयच नसते, आणि सीडीही खराब होतात.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम आहे. फोटोच्या प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्या भाषेत सांगायचे तर एक मोबाइलमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. सगळे दागिने एकाच डब्यात कोणी ठेवते का?

आणि हो, घरातल्या जुन्या माणसांचे पाच-दहा फोटो कागदावर छापून घ्याच. त्यांना ना पासवर्ड लागतो, ना चार्जिंग. या सुट्टीत लेकराला शेजारी बसवा आणि एवढेच विचारा, "माझे फोटो नेमके कुठे आहेत, मला दाखव बरं!"