आधी वरचा बोल्ट, मग खालचा

पावसाळ्यात थार किंवा जिप्सी ओढ्यातून काढली असेल, तर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल तपासाच. तापलेलं हाउसिंग पाण्यात अचानक गार झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं, तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला. ऑइल भरायचा वरचा बोल्ट आधी सोडवून पाहा. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑइल निघून गेलं असेल, तर गाडी तिथेच खोळंबते! निचऱ्याच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक राखाडी थर चालतो, धातूचे तुकडे नाहीत. बहुतेक गाड्यांत, सपाट जागेवर, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत ऑइल भरतात. काही ट्रान्सफर केसना गिअर ऑइल नव्हे, एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं. मॅन्युअलमध्ये दिलेलंच घाला.