न्हाणीघरातला गीझर आणि धुराची नळी

मी कॅज्युअल्टीत नोकरीला असतानाची गोष्ट. डिसेंबरातली सकाळ होती. दोघे भाऊ बहिणीला रिक्षात घालून घेऊन आले. बारावीची मुलगी. न्हायला गेली ती बराच वेळ बाहेर येईना, म्हणून दार तोडलं तर खाली पडलेली. शुद्ध नाही, ताप नाही, कुठे मार नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा 98. डॉक्टरांनी कागदावर ‘फिट’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मीही तेच धरून चालले. पाऊण तासाने धाकटा भाऊ सहज बोलला, “सिस्टर, बाथरूममधला गॅसचा गीझर चालूच होता, तो मी बंद केला.” तेव्हा कुठे तिच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लागला. मुलगी वाचली. पण त्या वर्षी तिची परीक्षा गेली, कारण वाचलेलं डोक्यात राहीना. तो पाऊण तास आम्ही घालवला, मीसुद्धा, हे मला अजून टोचतं.

चिमटा खोटं का बोलला? गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. चिमट्याला या दोघांतला फरक कळत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो.

वस्तीत विचारलं की बायका सांगतात, “ताई, आमचा गॅस गळत नाही, साबणाचा फेस लावून बघितलाय.” चांगलं आहे, बघितलंच पाहिजे. पण सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, गळला तर नाकाला कळतं. इथे घात करतो तो जळलेला गॅस.

थोडा हिशेब करू. आपल्याकडची न्हाणी 3 फूट बाय 4 फूट, उंची 7 फूट, म्हणजे 84 घनफूट हवा. भिंतीवरचा लहान गीझर शेगडीच्या पाच-सहा बर्नरांइतका जाळ करतो, ताशी जवळपास एक किलो गॅस. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 450 घनफूट हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत त्याला 75 घनफूट हवा हवी. बंद न्हाणीतली जवळजवळ सगळीच! त्यात थंडीत झरोक्याला पुठ्ठा लावलेला, दाराखाली गोणपाट कोंबलेलं. एकामागून एक दोघांनी आंघोळ केली की धोका दुसऱ्याला जास्त.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायातलं बळ जाणं, ही सुरुवात. बाई म्हणते पित्त झालं, सासू म्हणते उपाशी होती. एका घरात तर तीन जणांना न्हाणीतच चक्कर आली म्हणून उतारा टाकला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि 22 प्रतिज्ञा, आणि खाली लिंबू! मी त्यांना रागावले नाही, गीझरची ज्योत दाखवली. निळी हवी, ती पिवळी झाली होती आणि वर काजळी धरली होती.

दार उघडं ठेवून आंघोळ करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गल्लीकडे तोंड असलेल्या न्हाणीत कोणती बाई दार उघडं ठेवेल? म्हणून माझं सांगणं एकच आहे: गीझर न्हाणीत नकोच. तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून लावायचा आणि गरम पाणी पाइपने आत घ्यायचं. स्वस्तातल्या गीझरला धुराची नळी नसते, तो जळलेली हवा जिथल्या तिथे सोडतो. अशा गीझरला बाहेरच्या भिंतीशिवाय दुसरी जागा नाही.

घरात लावणं भागच असेल तर वरून धुराची नळी निघणारा गीझर घ्या आणि तोही न्हाणीबाहेर, हवा येती-जाती असेल तिथे. नळी पत्र्याची किंवा स्टीलची, पीव्हीसीची कधीच नाही. गीझरवरून आधी सरळ वर जाऊ द्या, मग बाहेर वळवा, तीही चढतीच. गरम धूर वर चढतो, नळी उतरती केली की तो घरात मागे फिरतो. बाहेरच्या तोंडाला टोपी हवी आणि ते तोंड कुणाच्या खिडकीखाली नको. धुरात पाण्याची वाफ असते, तिने पत्रा आतून गंजून भोकं पडतात. थंड देशांत घर तापवायच्या गॅस बॉयलरसाठी जुन्या विटांच्या धुराड्यात आतून स्टीलची नळी घालतात, ती याचसाठी. आपल्याकडे गंजाबरोबर कबुतराचं घरटंही असतं, म्हणून दिवाळीआधी नळी उतरवून बघा.

गीझर पाच मिनिटं चालवून नळी सुरू होते तिथे पेटती अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक, खोलीत परतला तर गीझर बंद. हीच परीक्षा एक्झॉस्ट पंखा लावून पुन्हा करा. कोंदट खोलीत पंखा नळीतला धूर उलटा खेचतो, हे फिटरलासुद्धा माहीत नसतं.

घरमालक म्हणतो, लावून दिलाय, आणखी काय पाहिजे? एकटी भाडेकरू बाई यावर काय बोलणार? विहारातल्या महिला मंडळाने रविवारी वंदनेनंतर पाच-सहा जणींनी मिळून गल्ली फिरावी. सगळ्या मिळून उभ्या राहिल्या की मालक हातोडी आणतो. मी पाहिलंय.

नवा गीझर बसेपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, थोडं थांबा, मग आत जा.

कुणी पडलंच तर दार उघडा, गीझर आणि सिलिंडर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा. आत रेंगाळू नका, वाचवणाराही पडतो. कांदा, चप्पल हुंगवू नका. 108 ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा. दवाखान्यात पहिलं वाक्य बोला: “गॅस गीझर चालू होता.” ऑक्सिजनचा मास्क मागा. चिमट्यावर 98 दिसले तरी तो काढू देऊ नका, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायला सांगा. बाई गरोदर असेल तर तेही लगेच सांगा, पोटातल्या बाळाचं रक्त हा वायू आणखी घट्ट धरून ठेवतं.