‘किती जास्त द्याल?’ हा प्रश्न फसवा का आहे

ग्राहकांचा सर्व्हे करायचा विचार असेल तर आधी एक उदाहरण घेऊ. एप्रिल महिना, भायखळा स्टेशनजवळची भाजी मंडई, तुमच्या हातात फॉर्म. प्रश्न: ‘अस्सल कोकणचा हापूस असेल तर डझनामागे किती जास्त द्याल?’ लोक बिनधास्त सांगतील, दोनशे, तीनशे. बोलायला काय जातंय! या फुगलेल्या उत्तराला ‘हायपोथेटिकल बायस’ म्हणतात. पण त्या आकड्यावर विसंबून बागायतदाराने दर लावला तर माल पडून राहतो, आणि पिकलेला आंबा कोणासाठी थांबत नाही.

यावर बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांनी १९६४ मध्ये सुचवलेली पद्धत वापरता येते. समजा, ग्राहकाला कर्नाटकी हापूसचा एक डझन आधीच देऊन टाकला. आता तो बदलून कोकणचा घ्यायला वर जास्तीत जास्त किती द्याल, ते त्याने लिहायचं. त्याने ८० लिहिले. मग तुम्ही चिठ्ठी काढायची. ५० निघाले तर त्याने ५० रुपये द्यायचे, खरेखुरे, आणि आंबे बदलून न्यायचे. १२० निघाले तर अदलाबदल नाही. उगाच फुगवून लिहिलं तर नको तितके पैसे जाऊ शकतात. कमी लिहिलं तर परवडणारा सौदा हुकू शकतो. म्हणजे मनातला आकडा लिहिण्यातच फायदा. (नियम आधी खोट्या खेळीने समजावून सांगा, नाहीतर लोकांना ही घासाघीसच वाटते.)

पण हे जास्तीचे पैसे नक्की कशासाठी? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कर्नाटकचा आंबा कोकणच्या नावाने विकला जातोच, आणि वरून बघून बहुतेकांना फरक कळत नाही. विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. अ‍ॅकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं: खात्री नसली की ग्राहक चांगल्या मालालाही मधलाच भाव देतो. त्यात नुकसान अस्सल मालवाल्याचं.

म्हणून ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करा. एकाला नाव न सांगता दोन्हींच्या फोडी चाखायला द्या, दुसऱ्याला नुसतं नाव सांगा, तिसऱ्याला मानांकनाचा क्यूआर कोड स्कॅन करू द्या. पहिल्या गटातून चवीची किंमत कळेल. दुसऱ्या-तिसऱ्यातल्या फरकातून खात्रीची. आणि तिन्ही गट एकाच आठवड्यात उरका. अक्षय्य तृतीयेच्या आधीचा भाव आणि मे अखेरचा भाव यांची तुलनाच होत नाही.